ताऱ्यांचे स्फोट आणि कुकडीकाठची शांतता

पुणे-नाशिक रेल्वेमार्गाच्या वादात खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बिणीचे नाव गेली काही वर्षे वारंवार घेतले जात आहे. परंतु ज्या कार्यासाठी ही दुर्बीण उभी आहे त्याविषयी या वादात क्वचितच कोणी चार शब्द बोलतो. राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव, संगमनेर असा जाणारा मूळ मार्ग दुर्बिणीच्या कामात व्यत्यय आणील, या कारणास्तव तो बाजूस ठेवून शिर्डीच्या अंगाने नवा मार्ग आखण्याचा मनोदय केंद्र सरकारने २०२५ साली व्यक्त केला. त्यावर जुन्नर-आंबेगावच्या पट्ट्यात नाराजी उमटली. ती अस्वाभाविक म्हणता येणार नाही. टोमॅटो, कांदा, द्राक्षे आणि भाजीपाला पिकविणाऱ्या, आणि तो माल रातोरात मुंबई-पुण्याच्या बाजारात पोहोचविण्यासाठी सर्वस्वी रस्त्यावर विसंबून असलेल्या मुलखाला आधी रेल्वेचे स्वप्न दाखवावयाचे आणि मग आकाशातील ताऱ्यांचे कारण सांगून ते मागे घ्यावयाचे, हे कोणालाही सहजासहजी पटणारे नाही. ‘तारे महत्त्वाचे की माणसे?’ असा प्रश्न मग चावडीवर विचारला जातो. प्रश्न सोपा आहे आणि म्हणूनच तो फसवा आहे.

या परिसराचा एक पूर्वेतिहास ध्यानात घेतला पाहिजे. कुकडी नदीवर येडगाव येथे धरण बांधले गेले, तेव्हा काठच्या जमिनी पाण्याखाली गेल्या. त्या धरणातून निघालेला डावा कालवा जुन्नरची शीव ओलांडून पारनेर, श्रीगोंदा, कर्जत असा थेट सोलापूर जिल्ह्यातील करमाळ्यापर्यंत जातो. आपल्या उशाशी पाणी अडले आणि ते दूरच्या शिवारात गेले, ही भावना येडगावच्या पंचक्रोशीत नवी नाही. पाण्याच्या वाटपावरून येथे जितके मोर्चे निघाले असतील तितके अन्य कोणत्याही प्रश्नावरून निघाले नसतील. आता याच मुलखाकडे आणखी एक वस्तू मागितली जात आहे आणि ती म्हणजे शांतता. येथे कानाला जाणवणाऱ्या शांततेची गोष्ट नाही. तमाशाच्या राहुट्यांसाठी महाराष्ट्रभर ख्यातकीर्त असलेल्या नारायणगावाकडे तशी शांतता मागणे विनोदाचेच ठरेल. मागणी आहे ती रेडिओ लहरींच्या शांततेची. आणि तिचे फळ पाण्यासारखेच दूर जाणार आहे, किंबहुना जगभर जाणार आहे.

खोडदची दुर्बीण म्हणजे एक यंत्र नव्हे. प्रत्येकी पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांचा तो समूह आहे. त्यांपैकी चौदा तबकड्या खोडदजवळ सुमारे एक किलोमीटर लांबी-रुंदीच्या क्षेत्रात उभ्या आहेत आणि उरलेल्या सोळा इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या आकारात तीन दिशांना, गावोगावच्या शेतांमधून पसरलेल्या आहेत. सर्वांत दूरच्या दोन तबकड्यांमधील अंतर सुमारे पंचवीस किलोमीटर भरते. प्रत्येक तबकडीने टिपलेला संकेत काचतंतूंच्या तारांवरून खोडदच्या मध्यवर्ती इमारतीत येतो, तेथे प्रत्येक जोडीच्या संकेतांची परस्परांशी तुलना होते (तीस तबकड्यांच्या अशा ४३५ जोड्या होतात) आणि त्यातून आकाशाच्या त्या तुकड्याचे चित्र गणिताने उभे राहते. चित्राचा रेखीवपणा पंचवीस किलोमीटर व्यासाच्या एकाच काल्पनिक दुर्बिणीतून मिळावा तसा असतो. लहरी गोळा करणाऱ्या पृष्ठभागाचे क्षेत्रफळ मात्र तीसही तबकड्यांचे मिळून सुमारे ४७ हजार चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ बारा एकर. आकाशातून बरसणारे प्रारण झेलण्यासाठी मांडलेले बारा एकरांचे हे शेत आहे, असे म्हटल्यास ते या भागातील वाचकाला अधिक जवळचे वाटेल.

या योजनेचे शिल्पकार प्राध्यापक गोविंद स्वरूप (१९२९-२०२०) हे मूळचे उत्तर प्रदेशातील. ऑस्ट्रेलियात वापरून झालेल्या बत्तीस छोट्या तबकड्या त्यांनी मागवून घेतल्या आणि १९६५च्या सुमारास मुंबईनजीक कल्याण येथे देशातील पहिली मोठी रेडिओ दुर्बीण उभी केली. पुढे १९७० साली निलगिरीच्या उतारावर उटकमंडजवळ ५३० मीटर लांबीची दुर्बीण बांधली. डोंगराचा उतारच दुर्बिणीच्या अक्षाला उपयोगी पडावा, अशी तेथील योजना होती. खोडदची कल्पना १९८०च्या दशकातील. येथेही काटकसरीतून कल्पकता जन्मली. मीटरभर लांबीच्या रेडिओ लहरींना परावर्तित करण्यासाठी अखंड पत्र्याची गरज नसते. पोलादी तारांची बारीक जाळी पुरते. ताणलेल्या दोरांच्या आधारावर अशी जाळी बसविली की वारा तिच्यातून निघून जातो, सांगाड्यावरील भार कमी होतो आणि खर्च आटोक्यात राहतो. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुणे येथील राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राने उभारलेली ही दुर्बीण ४ ऑक्टोबर २००१ रोजी रतन टाटा यांच्या हस्ते जगातील वैज्ञानिकांना अर्पण करण्यात आली. तिच्या वेळेसाठी देशोदेशींचे शास्त्रज्ञ अर्ज करतात आणि गुणवत्तेनुसार वेळ दिला जातो. पुढे २०१०च्या दशकात तिचे ग्राहक आणि गणकयंत्रे बदलून तिचे नूतनीकरण करण्यात आले.

जागा हीच का निवडली, याचेही उत्तर आहे. १९ अंश अक्षांशावरून दक्षिणेकडील आकाशाचा मोठा भाग आणि आकाशगंगेचे केंद्र नीट दिसते. सह्याद्रीच्या रांगा मुंबई-पुण्याकडून येणारा गोंगाट काही अंशी अडवितात. असाच आडोसा हेरून नारायणगावजवळ आर्वी येथे १९७१ साली उपग्रह-संदेशवहनाचे ‘विक्रम’ भूकेंद्र उभारले गेले होते. आकाशाशी बोलण्यासाठी आणि आकाशाचे ऐकण्यासाठी जुन्नर तालुका सोयीचा आहे, हे दोनदा स्वतंत्रपणे ठरले. शेजारच्या आंबेगाव तालुक्यात गिरवलीच्या डोंगरावर आयुकाने २००६ साली दोन मीटर व्यासाच्या आरशाची प्रकाशीय दुर्बीण सुरू केली, हा त्याचा तिसरा दाखला. तिला काळोख हवा. खोडदला मौन हवे.

आता या दुर्बिणीला ऐकावयाचे तरी काय असते? अनेक विषय आहेत, परंतु त्यांतील सर्वांत नाट्यपूर्ण म्हणजे ताऱ्यांचा मृत्यू. सूर्याच्या आठपटींहून अधिक वस्तुमानाचा तारा आपले इंधन जाळीत जाळीत अखेर गाभ्यात लोखंड साठवितो. लोखंड जाळून ऊर्जा मिळत नाही. आधार संपलेला तो गाभा एका सेकंदाहूनही कमी वेळात स्वतःवरच कोसळतो आणि वीसेक किलोमीटर व्यासाचा न्यूट्रॉन तारा किंवा कृष्णविवर मागे ठेवून ताऱ्याचे बाह्य थर सेकंदाला दहा-वीस हजार किलोमीटर वेगाने अवकाशात फेकले जातात. हाच अतिदीप्त नवतारा, अर्थात सुपरनोव्हा. ‘नवतारा’ हे नाव तसे दिशाभूल करणारेच. जन्माचे नाव मृत्यूला मिळाले आहे. पूर्वी जेथे काही दिसत नव्हते तेथे एकाएकी तेजस्वी बिंदू दिसू लागला, म्हणून पाहणाऱ्यांनी त्याला नवा म्हटले.

चिनी ज्योतिष्यांनी ४ जुलै १०५४ रोजी वृषभ राशीत असा एक ‘पाहुणा तारा’ पाहिला. तो तेवीस दिवस भर दिवसा दिसत होता आणि रात्री जवळजवळ दोन वर्षे. भारतीयांनी तो पाहिला नसेल असे मानणे अवघड आहे. डॉ. जयंत नारळीकर आणि संस्कृतच्या विदुषी डॉ. सरोजा भाटे यांनी त्याच्या नोंदीसाठी जुने संस्कृत वाङ्मय धुंडाळले. २००१ साली त्यासंबंधीचा त्यांचा लेख प्रसिद्ध झाला. निःसंदिग्ध नोंद हाती लागली नाही. पंचांगाची सूक्ष्म गणिते करणाऱ्या आपल्या परंपरेत आकाशातील अनपेक्षिताची तारीख-वार नोंद ठेवण्याची शिस्त तितकीशी रुजली नाही, हे त्यातून जाणवते आणि ते मान्य करण्यात कमीपणा नाही. त्या स्फोटाचे अवशेष आज खेकडा अभ्रिका म्हणून ओळखले जातात. तिच्या मध्यभागी सेकंदाला सुमारे तीस फेऱ्या घेणारा स्पंदक आहे. म्हणजे अकराव्या शतकात ज्याकडे पाहिले नाही, त्याच्याकडे आता खोडदहून पाहता येते.

स्फोटाचा प्रकाश काही महिन्यांत मंदावतो आणि डोळ्यांनी पाहणाऱ्या दुर्बिणींचे काम बहुतांशी संपते. रेडिओ दुर्बिणीचे खरे काम तेव्हा कोठे सुरू होते. मरण्यापूर्वी हजारो वर्षे तो तारा आपल्या अंगावरून वायूचा संथ वारा सोडीत असतो. सेकंदाला दहा किलोमीटरच्या आसपास त्याचा वेग. स्फोटातून निघालेले द्रव्य त्याच्या हजारपट वेगाने मागून येऊन त्या वाऱ्यावर आदळते. या धडकेत इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या जवळपास वेगाने धावू लागतात, चुंबकीय क्षेत्रात गिरक्या घेतात आणि रेडिओ लहरी सोडतात. यातील मौज अशी की, वेगाचे प्रमाण हजारास एक असल्यामुळे स्फोटानंतरच्या एका वर्षात ती धडक ताऱ्याने मागील हजार वर्षांत सोडलेला वारा ओलांडून जाते. एक दिवसाचे निरीक्षण म्हणजे मृत ताऱ्याच्या चरित्रातील सुमारे तीन वर्षांचे वाचन, आणि तेही उलट्या क्रमाने. दहा वर्षे चिकाटीने पाहिले तर अखेरच्या दहा हजार वर्षांचा वृत्तान्त हाती येतो. असे मृत्युपश्चात चरित्रलेखन मानवी इतिहासातही इतक्या विश्वासाने करता येत नाही.

यात खोडदचे वैशिष्ट्य हे की, येथे लांब तरंगांच्या लहरी टिपल्या जातात. स्फोटाभोवतीचे दाट द्रव्य या लांब लहरी आरंभी गिळून टाकते. आखूड लहरी आधी बाहेर पडतात, लांब लहरी महिन्यांनी किंवा वर्षांनी. तेव्हा ज्या काळात अन्य दुर्बिणींना फारसे नवे सांगावयाचे उरत नाही त्या काळात खोडदच्या पंक्तीत पान वाढले जाते. सप्तर्षींच्या दिशेला सुमारे एक कोटी वीस लाख प्रकाशवर्षांवरील एका दीर्घिकेत मार्च १९९३ मध्ये एक तारा फुटताना दिसला. त्यानंतर जवळजवळ नऊ वर्षांनी पूनम चंद्रा, अलक राय आणि संजय भटनागर यांनी खोडदची लांब तरंगांची मोजमापे आणि अमेरिकेतील दुर्बिणीची आखूड तरंगांची मोजमापे एकत्र मांडली. तेव्हा वर्णपटात एका विशिष्ट ठिकाणी उतार बदललेला दिसला. वेगवान इलेक्ट्रॉन ऊर्जा खर्चून थकले की असा बदल होतो. ते किती काळात थकले यावरून तेथील चुंबकीय क्षेत्र किती बलवान असले पाहिजे, हे फारशी गृहीतके न धरता काढता आले. एक कोटीहून अधिक प्रकाशवर्षांवरील फुटलेल्या ताऱ्याच्या कवचातील चुंबकत्व, खोडदच्या शिवारात बसून मोजले गेले. २००४ साली ते काम प्रसिद्ध झाले. या गोष्टीची बातमी मराठी वृत्तपत्रांच्या किती स्तंभांत आली, हा प्रश्न न विचारलेलाच बरा.

पुढची यादी मोठी आहे आणि ती सगळी देण्याचे प्रयोजन नाही. एनजीसी १८५१ नावाच्या तारकागुच्छात याच दुर्बिणीने २००४ साली सेकंदाला सुमारे दोनशे फेऱ्या घेणारा आणि आपल्या जोडीदाराभोवती विलक्षण लांबट कक्षेत फिरणारा स्पंदक शोधला. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळून उठलेल्या गुरुत्वीय लहरी अमेरिका आणि युरोपातील उपकरणांनी टिपल्या, तेव्हा त्या धडकेच्या रेडिओ प्रभेचा माग पुढे महिनोन्‌महिने ठेवणाऱ्यांत खोडदही होते. (अशाच लहरी टिपणारी वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथ येथे उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. मराठवाड्यालाही लवकरच शांततेची मागणी ऐकावी लागणार आहे. तेथे जमिनीचे कंपन नको असेल.) सुमारे ३९ कोटी प्रकाशवर्षांवरील भुजंगधारी दीर्घिकासमूहातील एका प्रचंड कृष्णविवराने उष्ण वायूत उडविलेली अवाढव्य पोकळी २०२० साली प्रसिद्ध झाली, तोपर्यंत ज्ञात असलेल्या सर्व स्फोटांत तो सर्वांत मोठा ठरला आणि त्याची खातरजमा करण्यात खोडदच्या नोंदींचा वाटा होता. जून २०२३ मध्ये तर स्पंदकांच्या अचूक ठोक्यांत वर्षानुवर्षे चालणाऱ्या अतिमंद गुरुत्वीय लहरींची चाहूल लागल्याचे युरोपीय आणि भारतीय शास्त्रज्ञांनी मिळून जाहीर केले. त्यातील भारतीय नोंदी येथल्याच.

आणि तरीही हे सारे किती नाजूक असते, हे सांगितल्यावाचून रेल्वेचा प्रश्न समजणार नाही. एखादा साधा मोबाइल फोन चंद्रावर नेऊन चालू केला, तर त्याच्या कंप्रतेवर तो आकाशातील हाताच्या बोटांवर मोजण्याइतके प्रखर स्रोत वगळता बाकी साऱ्यांना फिका पाडील. नऊ वर्षांनंतरच्या त्या १९९३च्या स्फोटाचा संकेत अशा फोनच्या काही हजारांश इतकाच होता. मग तोच फोन चंद्रावर नसून दुर्बिणीपासून चार किलोमीटरांवर असेल तर काय होईल, याचा विचार वाचकानेच करावा. मंगळाकडे गेलेल्या युरोपीय यानातून सुटलेले ‘स्कियापारेल्ली’ १९ ऑक्टोबर २०१६ रोजी त्या ग्रहावर उतरत असताना त्याची क्षीण शीळ सतरा कोटी किलोमीटरांहून अधिक अंतरावरून खोडदने ऐकली आणि ती नियोजित वेळेपूर्वीच बंद पडल्याचेही ऐकले. ज्या कानांना इतके ऐकू येते त्यांना शेजारचा खडखडाटही तितकाच ऐकू येणार.

हा खडखडाट नाना प्रकारचा असतो. मोबाइलचे मनोरे आणि दूरचित्रवाणीची प्रक्षेपणे ठरलेल्या कंप्रतांवर बोलतात. त्यांना टाळता तरी येते. वाईट असते ती ठिणगी. विजेच्या उच्चदाबाच्या तारांवरील सैल पडलेला खिळा, तडकलेला चिनीमातीचा चिमणा, जुनाट यंत्रातील विद्युत्‌ ठिणगी यांतून निघणारे प्रारण एका कंप्रतेवर न राहता सगळीकडे पसरते आणि नेमके ताऱ्यांच्या संकेतासारखे दिसते. वेगवान विद्युत रेल्वेच्या छतावरील दांडा आणि वरची तार यांच्यातील क्षणिक विलगतेतून अशीच ठिणगी उडते. म्हणून आक्षेप. दुर्बिणीच्या परिसरातील नव्या उद्योगांवर शासनाने निर्बंध घातले, तेही याच कारणाने. खोडदच्या अभियंत्यांनी अशा ठिणग्यांचे संकेत तत्क्षणी ओळखून गाळण्याची यंत्रणा बनविली आहे. परंतु गाळणीलाही मर्यादा असते. गाळात सोने गेले तर ते कोणाला कळणार?

येथे शास्त्रज्ञांची बाजू बळकट आहे यात संशय नाही. रुळांना पर्यायी मार्ग काढता येतो. पंचवीस किलोमीटर पसरलेली दुर्बीण उचलून नेता येत नाही, आणि नेली तरी असा डोंगरांचा आडोसा, असे अक्षांश आणि पुण्यासारखे विद्यानगर दोन तासांच्या अंतरावर, हे सारे अन्यत्र जुळणे कठीण. प्वेर्तो रिको बेटावरील अरेसिबोची तीनशे मीटर व्यासाची दुर्बीण १ डिसेंबर २०२० रोजी कोसळली तेव्हा अशी साधने पुन्हा पुन्हा मिळत नाहीत, हे जगाला उमगले. तथापि बाजू बळकट असणे आणि ती लोकांना पटवून दिलेली असणे, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. अमेरिकेने १९५८ साली वेस्ट व्हर्जिनियाच्या विरळ वस्तीच्या डोंगरांत रेडिओ-शांतता क्षेत्र राखून ठेवले. दक्षिण आफ्रिकेने कारूच्या माळरानासाठी २००७ साली स्वतंत्र कायदाच केला. ऑस्ट्रेलियाने आपली नवी दुर्बीण वाळवंटात नेली. त्यांनी शांतता मागितली ती बहुतांशी जेथे माणसे थोडी होती तेथे. खोडदभोवती मात्र उसाची, कांद्याची, टोमॅटोची शिवारे आहेत, गावाला गाव लागून आहे, आणि बिबट्याच्या भीतीने रात्री पाणी धरावयास जाण्यास कचरणारा शेतकरी आहे. बागायती मुलखाच्या मध्यभागी जगातील एक श्रेष्ठ दुर्बीण चालवून दाखविणे हा भारताचा पराक्रम खराच. पण त्या पराक्रमात या गावांचा वाटा कोठेच नोंदलेला नाही.

दरवर्षी राष्ट्रीय विज्ञानदिनी, फेब्रुवारीच्या अखेरीस, खोडदला विज्ञानप्रदर्शन भरते आणि आसपासच्या शाळांतील हजारो मुले तबकड्या पाहून जातात. हा उपक्रम स्तुत्यच आहे. परंतु पाहून जाणाऱ्या मुलाला घरी गेल्यावर बापाने ‘मग आपली रेल्वे का गेली?’ असे विचारले, तर त्याला देता येईल असे उत्तर त्या प्रदर्शनात त्याच्या हाती दिले जाते काय? रेल्वेमुळे कोणत्या कंप्रतेवर किती गोंगाट होईल, कोणत्या अंतरावर तो सह्य होईल, बोगद्यातून किंवा आडोशाने मार्ग नेल्यास काय फरक पडेल, ही मोजमापे सोप्या मराठीत छापून येडगावच्या, खोडदच्या, नारायणगावच्या ग्रामसभांपुढे ठेवण्यास काहीच प्रत्यवाय नसावा. ज्यांनी कोटी प्रकाशवर्षांवरचे चुंबकत्व मोजले त्यांना दहा किलोमीटरांवरील ठिणगी मोजणे जड नाही. आणि शांतता राखण्याचा भार या गावांवर टाकावयाचा, तर त्याच्या बदल्यात शासनाने त्यांना गोंगाट न करणाऱ्या सोयी आधी द्याव्यात: हवेतून संदेश नेणाऱ्या मनोऱ्यांऐवजी घरोघर काचतंतूंचे जोड, नीट कसलेल्या वीजवाहिन्या, रुंद व सुरक्षित रस्ते, मालासाठी शीतगृहे. वीजवाहिन्या दुरुस्त ठेवण्यात तर दुर्बिणीचा आणि शेतकऱ्याच्या मोटारीचा स्वार्थ एकच आहे.

‘ताऱ्यांचे आम्हांला काय?’ असे म्हणणाऱ्यांसाठी याच नदीकाठची एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. येडगावच्या खाली कुकडीच्याच काठी बोरी येथे गाळाच्या थरांत ज्वालामुखीच्या राखेचा एक पट्टा सापडतो. तिच्या नेमक्या वयाविषयी भूशास्त्रज्ञांत मोठा वाद झाला. परंतु ती इंडोनेशियातील टोबा ज्वालामुखीच्या उद्रेकातून समुद्र ओलांडून आली, असे अनेक अभ्यासक मानतात. तिच्या आसपास आदिमानवाची दगडी हत्यारेही मिळाली. हजारो किलोमीटरांवरील स्फोटाची नोंद या नदीने न मागता जपून ठेवली. लोखंडाची गोष्ट तर याहूनही जुनी. नांगराच्या फाळातील आणि माणसाच्या रक्तातील लोखंडाचा बहुतेक अंश सूर्य जन्मण्यापूर्वी फुटून गेलेल्या ताऱ्यांतून आलेला आहे. ज्या आर्द्रा नक्षत्राच्या पावसावर जुन्नरची पेरणी विसंबते, तो मृगातील तांबूस तारा स्वतःच आता मरणपंथाला लागलेला आहे. २०१९ च्या अखेरीस तो एकाएकी इतका मंद झाला की जगभरच्या ज्योतिर्विदांनी कान टवकारले. ती मंदी त्याने सोडलेल्या धुळीची होती असे पुढे निष्पन्न झाले. तो उद्या फुटेल किंवा लाखभर वर्षांनी. फुटला की दिवसाउजेडी दिसेल, आणि त्याचा रेडिओ वृत्तान्त पुढची शतकभर लिहून ठेवावा लागेल.

एक गोष्ट मात्र जुन्नरकरांच्या हातातील नाही आणि खोडदच्या शास्त्रज्ञांच्याही नाही. दूरसंदेशवहनासाठी सोडलेल्या हजारो उपग्रहांच्या मालिका आता डोक्यावरून अहोरात्र फिरत आहेत. त्यांच्यातील विद्युत उपकरणांतून, प्रक्षेपणासाठी नेमून न दिलेल्या लांब तरंगांवरही प्रारण गळते, हे युरोपातील एका रेडिओ दुर्बिणीने २०२३ साली दाखवून दिले. डोंगराचा आडोसा त्याला अडवीत नाही आणि कोणत्याही ग्रामसभेचा ठराव त्याला लागू होत नाही. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या २०२७ सालच्या जागतिक रेडिओ परिषदेच्या विषयपत्रिकेवर रेडिओ-शांतता क्षेत्रांना या उपग्रहांपासून संरक्षण देण्याचा विषय घेण्यात आला आहे. येडगावच्या शेतकऱ्याला आपली रेल्वे सोडण्यास सांगणाऱ्या भारत सरकारने त्या परिषदेत खोडदचे नाव तितक्याच आग्रहाने मांडले पाहिजे, आणि काय मांडले ते येडगावात येऊन सांगितलेही पाहिजे.